पिंपात मुरलेली भोपळ्याची बिअर: चाखताना या चुका टाळा

ऑगस्ट सरता सरता अमेरिकेतल्या दारूच्या दुकानांत भोपळ्याच्या बिअरचे खोके दर्शनी भागात येऊन बसतात आणि नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग उरकले की तितक्याच झटपट नाहीसे होतात. त्यांतल्या बहुतेक बिअर हलक्याफुलक्या असतात. काही थोड्या बाटल्या मात्र वेगळ्या जातीच्या असतात: आधीच कडक बनवलेली भोपळ्याची बिअर रम किंवा बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या रिकाम्या ओक लाकडाच्या पिंपांत काही महिने ठेवून मग बाटलीत भरलेली. ती गडद आणि दाट असते, तिच्यातल्या अल्कोहोलचे प्रमाण बहुधा दहा टक्क्यांच्या पुढे जाते आणि किंमतही त्याच मानाने चढलेली असते. एवढे पैसे मोजून आणलेली बाटली उघडल्यावर "भोपळा कुठे आहे?", "लवंग फार झाली", "घसा जळला" अशा तक्रारी मी गेली काही वर्षे दर शरदात ऐकतो आहे. त्यांतल्या बऱ्याच तक्रारींचे मूळ बाटलीत नसते. ती कधी उघडली, कशात ओतली, कोणत्या खोलीत आणि कशाबरोबर प्यायली यात ते सापडते. खरोखर बिघडलेली बाटलीही अधूनमधून पदरी पडते. ती ओळखायची कशी, हे पुढे येईलच.

भोपळ्याची चव शोधत बसणे

ही सर्वांत मोठी चूक आहे आणि ती पहिल्याच घोटाला होते. अमेरिकेतील वसाहतींच्या काळात माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, सहज मिळत नसे, म्हणून भोपळा हा साखरेचा स्वस्त साठा मानून त्यापासून पेय आंबवले जाई. भोपळे कुटून, त्यांचा रस पिळून, तो आटवून आणि हॉप्स ही कडवट फुले घालून एल (बिअरचा एक प्रकार) बनवण्याची १७७१ सालची कृती छापील स्वरूपात आजही उपलब्ध आहे. त्या बिअरमध्ये मसाला नव्हता. आज आपण जिला भोपळ्याची बिअर म्हणतो तिचा अवतार फार अलीकडचा आहे. कॅलिफोर्नियातील हेवर्ड येथे बफेलो बिल्स ब्रुअरी चालवणाऱ्या बिल ओवेन्स यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यास भोपळा भाजून माल्टबरोबर शिजवून पाहिला, तेव्हा तयार झालेल्या बिअरला भोपळ्याची म्हणावी अशी चवच आली नाही. मग त्यांनी भोपळ्याच्या पायमध्ये, म्हणजे गोड सारणाच्या भाजलेल्या पेस्ट्रीत, घालतात तो मसाला पाण्यात उकळून त्याचा अर्क बिअरमध्ये मिसळला. तेव्हापासून लोक "भोपळा" म्हणून जे ओळखतात ते दालचिनी, जायफळ, लवंग आणि सुंठ यांचे मिश्रण आहे.

कारण सोपे आहे. भोपळ्यातला गोडवा यीस्ट खाऊन टाकते आणि गोडवा गेल्यावर भोपळ्याकडे स्वतःचे असे फारसे काही उरत नाही. अमेरिकेत डबाबंद गरासाठी जो डिकिन्सन जातीचा भोपळा प्रामुख्याने वापरतात तो आणि आपल्याकडचा तांबडा भोपळा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच कुळीतले, कुकुर्बिटा मोशाटा या प्रजातीचे आहेत. त्यामुळे ज्याने घारगे केले आहेत त्याला हे वेगळे सांगायला नको. घारग्यातला गूळ आणि जायफळ काढून टाका आणि उरलेल्या भोपळ्याची चव वर्णन करून दाखवा, म्हणजे ब्रुअरची, म्हणजे बिअर बनवणाऱ्याची, अडचण कळेल. बिअरमध्ये भोपळा शोधायचाच असेल तर तो चवीत न शोधता जिभेवरच्या गोलाव्यात शोधावा, आणि घोट गिळून झाल्यावर मागे राहणाऱ्या किंचित मातकट सुरात. तेवढे सापडले तरी पुष्कळ झाले.

लाकडाची लवंग मसाल्याच्या नावावर टाकणे

"लवंग फार झाली" हे वाक्य जिथे निघते तिथे ब्रुअरने कदाचित लवंग घातलेलीही नसते. लवंगेचा वास ज्या युजेनॉलमुळे येतो तेच युजेनॉल ओकचे लाकूड भाजले असता त्यातही मोकळे होते. त्याच भाजलेल्या लाकडातून व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलिन येते आणि ओकमधली लॅक्टोन ही द्रव्ये खोबऱ्याची आठवण करून देतात. म्हणजे मसालेदार बिअर मसालेदार लाकडात ठेवली जाते आणि दोन्हीकडची लवंग एकमेकींवर चढते. जाणता ब्रुअर पिंपात जाणाऱ्या बिअरमध्ये मसाला मुद्दाम हात राखून घालतो. ज्याने तसे केले नाही त्याची बिअर दातदुखीवरच्या तेलासारखी लागते आणि ती तक्रार मात्र खरी असते.

हे दोन उगम वेगळे करायला एक साधा उपाय आहे, आणि मराठी घरात त्यासाठी बाहेरून काही आणावे लागत नाही. मसाल्याच्या डब्यातली एक लवंग, दालचिनीचा तुकडा, किसलेले जायफळ आणि चिमूटभर सुंठ चार वाट्यांत ठेवावी आणि बाटली उघडण्याआधी एकेकीचा वास शांतपणे घ्यावा. जायफळ ओळखणे आपल्याला अवघड जात नाही, कारण कोजागरीच्या मसाला दुधाने ते नाकात पक्के बसवलेले असते, आणि योगायोगाने ती पौर्णिमाही याच दिवसांत येते. त्यानंतर बिअरचा वास घेतला की कोणता सूर वाटीतल्या मसाल्याशी जुळतो आणि कोणता त्यापलीकडे, व्हॅनिला आणि खोबऱ्याच्या संगतीने येतो, हे कळू लागते. व्हॅनिलाच्या हातात हात घालून आलेली लवंग बहुधा लाकडाची असते. दालचिनीबरोबर धावत पुढे आलेली बहुधा बरणीतली असते.

इथे एका नावाचा घोळही मोडून काढायला हवा. या बिअरांत वारंवार वापरला जाणारा ऑलस्पाइस हा नावावरून मिश्र मसाला वाटतो, पण ते कॅरिबियन भागातल्या, विशेषतः जमैकातल्या, एका झाडाचे वाळवलेले फळ आहे. त्यातही युजेनॉल भरपूर असते. आपल्याकडे काही दुकानदार कबाबचिनी म्हणून ते देतात, ते चूक आहे. कबाबचिनी ही मिरीची नातेवाईक आहे आणि तिचा वास निराळा असतो.

पिंप कोणत्या दारूचे होते, यावरही अपेक्षा ठरवायला हवी. अमेरिकन कायद्यानुसार बर्बन ही आतून जाळलेल्या नव्याकोऱ्या ओकच्या भांड्यातच मुरवावी लागते, त्यामुळे एकदा वापरलेली सुमारे २०० लिटरची पिंपे बर्बनवाल्यांच्या त्याच कामाची राहत नाहीत आणि ती बिअरवाल्यांकडे येतात. त्यांत लाकडाचा जोर बराच शिल्लक असतो. कॅरिबियन रम मात्र पुष्कळदा अशाच वापरलेल्या बर्बनच्या पिंपांत मुरते, म्हणजे बिअरच्या वाट्याला ते लाकूड तिसऱ्या हाताने येते. म्हणून रमच्या पिंपातल्या बिअरमध्ये व्हॅनिला दबलेला आणि काकवीचा गडद गोडवा पुढे, असे घडले तर ते पिंप कमअस्सल होते असे समजू नये. माझ्या मते भोपळ्याच्या मसाल्याशी रमचे पिंप अधिक प्रेमाने वागते. बर्बनचे पिंप अनेकदा सगळी बैठक स्वतःच ताब्यात घेते.

बाटलीवर रमचे नाव आहे म्हणजे आत रम ओतली आहे, हाही गैरसमज आढळतो. लाकडात शोषली गेलेली दारू बिअरमध्ये उतरते आणि तिची तीव्रताही थोडी वाढवते, एवढेच. तापमान वरखाली होते तसे द्रव लाकडात शिरतो आणि परत येतो. मराठीत याला मुरणे हा शब्द इतका चपखल बसतो की "जुनी केलेली" असे म्हणणे अन्यायाचे वाटते. लोणच्याची फोड आणि खार यांचे जे होते तेच इथे लाकूड आणि बिअर यांचे होते.

फ्रिजमधून काढून लगेच ओतणे

साध्या लागर बिअरची सवय इथे नडते. फ्रिजच्या चार अंश सेल्सियसला जायफळ आणि व्हॅनिला दोन्ही मुके असतात, उलट कडवटपणा आणि लाकडाचा तुरटपणा तेवढा वर येतो. त्यामुळे पहिला घोट घेणाऱ्याला बिअर कडक, कोरडी आणि भोपळ्याशी काही संबंध नसलेली वाटते. बाटली पाऊण तास आधी बाहेर काढावी आणि १० ते १३ अंशांच्या आसपास ओतावी. दुसऱ्या टोकाची चूकही होते: हीटर लावलेल्या उबदार दिवाणखान्यात बाटली दुपारपासून काढून ठेवली तर अल्कोहोल नाकात चढते आणि बाकी काहीच कळत नाही. घसा जळल्याची तक्रार पुष्कळदा इथून येते. तेव्हा पेला पाच मिनिटे थंड जागी ठेवून पुन्हा चाखून पाहावे. तरीही जळजळ तशीच राहिली तर बिअर अजून कच्ची आहे आणि तिची जोडीदार बाटली असल्यास ती काही महिने उघडू नये.

पेला तोंडाशी निमुळता होणारा असावा. ट्यूलिप, स्निफ्टर, नाहीतर वाइनचा साधा ग्लास चालतो, आणि त्यात एका वेळी १०० मिलिलिटरपेक्षा जास्त ओतू नये. फेस कमी आला म्हणून खट्टू होण्याचे कारण नाही, इतक्या कडक आणि पिंपात राहिलेल्या बिअरला तो कमीच असतो. पेल्याच्या कडेला दालचिनी आणि साखर लावून देण्याची अमेरिकन बारमधली पद्धत साध्या भोपळ्याच्या बिअरसाठी खपून जाते. इथे ती लावली की आपण साखर चाखतो.

खोली आणि फराळ

शरद आला की अमेरिकेत घरोघरी दालचिनी-भोपळ्याच्या सुगंधी मेणबत्त्या पेटतात, आणि आपल्या घरांत त्याच सुमारास दिवाळीची उदबत्ती लागलेली असते. नाक एका वासाला काही मिनिटांत सरावते आणि मग तो वास त्याला जाणवेनासा होतो. दालचिनीच्या मेणबत्तीशेजारी बसून दालचिनीची बिअर चाखणाऱ्याला तिच्यात दालचिनी सापडणार नाही हे ओघानेच आले. एका दिवाळीत आमच्याकडे जमलेल्या सहा जणांपैकी चौघांनी एका बाटलीत चंदनाचा सूर असल्याचे ठामपणे नोंदवले होते. देवघराचे दार उघडे होते, हे अर्ध्या तासाने लक्षात आले. चाखण्याआधी तासभर खोलीत काहीही जळते ठेवू नये, आणि जेवण शिजत असेल तर दुसरी खोली गाठावी.

फराळाचे ताट समोर असताना चाखायला बसणे ही आपल्या मंडळींची खास चूक. तिखटाची आग अल्कोहोलने भडकते, त्यामुळे लसणाच्या शेवेनंतर किंवा झणझणीत चिवड्यानंतर बारा-तेरा टक्क्यांची बिअर घेतली की दोष बिअरचा वाटतो. चकलीत ओवा असतो आणि ओव्यापुढे जायफळाचे काही चालत नाही. चाखताना साधा पाव आणि पाणी पुरे, फराळ नंतर. त्यातही शंकरपाळे आणि अनारसे या बिअरशी चांगले जमतात, कारण तुपाची स्निग्धता लाकडाचा तुरटपणा झाकते. चीजवाल्यांनी जुने गौडा घ्यावे.

एकापेक्षा जास्त बाटल्या असतील तर क्रम हलक्याकडून कडकाकडे ठेवावा. पण त्याहून उपयोगी पडते ती जोडी. पिंपात न गेलेली एक साधी भोपळ्याची बिअर शेजारच्या पेल्यात असली की पिंपाने काय केले ते आपोआप दिसते. डेलावेअरच्या डॉगफिश हेडची सात टक्क्यांची पंकिन एल किंवा न्यूयॉर्क राज्यातल्या सदर्न टिअरची ८.६ टक्क्यांची पमकिंग यासाठी ठीक आहे. पमकिंगची रमच्या पिंपात मुरवलेली आवृत्तीही निघालेली आहे. दोन्ही एकत्र मिळाल्या तर संध्याकाळ सार्थकी लागेल. कोलोरॅडोतील ॲव्हरी ब्रुइंगची रम्पकिन पंधरा टक्क्यांच्याही वर जाणारी होती. तशा बाटलीनंतर दुसरे काहीही चाखायला घेऊ नये, कारण त्यानंतरची नोंद विश्वासार्ह राहत नाही.

जपून ठेवण्याचा हव्यास

पिंपातली बिअर म्हणजे वर्षानुवर्षे ठेवण्याची वस्तू, हे गृहीत धरून लोक बाटल्या कपाटात टाकतात. स्टाउट अथवा बार्लीवाइन या प्रकारच्या कडक बिअरच्या बाबतीत ते पुष्कळ अंशी खरे आहे. इथे अडचण मसाल्याची आहे: आल्या-सुंठीचा चटका आणि जायफळाचा ताजेपणा सर्वांत आधी जातो, दालचिनी मंदावते, आणि दोन-तीन वर्षांनी हातात राहते ती लाकूड आणि काकवी लागणारी, भोपळ्याचे फक्त नाव असलेली बिअर. ती वाईट असेलच असे नाही. पण ज्यासाठी पैसे दिले ते त्यात नसते. मी दोन बाटल्या घेतो, एक त्याच शरदात उघडतो आणि दुसरी पुढच्या शरदात. त्यापलीकडे थांबण्यात मला अर्थ दिसत नाही. ठेवायची ती उभी, अंधारात आणि गारव्याला ठेवावी. गॅरेजमध्ये ठेवलेली बाटली उन्हाळ्यात शिजते आणि हिवाळ्यात गोठते, हे ध्यानात असू द्यावे.

बाटलीतच दोष असेल तर

आंबटपणाच्या बाबतीत निकाल देण्यापूर्वी बाटलीवरची चिठ्ठी वाचावी. मिशिगनमधील जॉली पम्पकिन ही ब्रुअरी आपल्या बिअर ओकमध्येच मुरवते, आणि तिची ला पार्सेला ही भोपळ्याची बिअर ५.९ टक्क्यांची, हलकी आणि हेतुपुरस्सर आंबट आहे. तिथे दारूच्या पिंपाची ऊब शोधणारा निराश होतो आणि आंबटपणाला बिघाड समजणारा चुकतो. बर्बन अथवा रमच्या पिंपाचे नाव असलेली गोडसर, गडद बिअर मात्र आंबली असेल तर तो बिघाडच. लाकूड सच्छिद्र असते, ते पूर्ण निर्जंतुक करता येत नाही, आणि आतला द्रव महिनोन्महिने तसाच असतो, म्हणून असे घडते. ही नवशिक्यांचीच चूक नव्हे: शिकागोच्या गूज आयलंडच्या पिंपात मुरलेल्या बर्बन काउंटी मालिकेतल्या २०१५ सालच्या काही बिअरमध्ये लॅक्टोबॅसिलस जातीचे, आंबटपणा आणणारे जिवाणू वाढले, कंपनीला ग्राहकांचे पैसे परत करावे लागले आणि पुढच्या वर्षापासून ती बिअर पाश्चराइझ करण्यात, म्हणजे तापवून जंतू मारण्यात, येऊ लागली.

व्हिनेगरचा झणका आला तर पिंपात हवा गेली आहे. नेलपॉलिशसारखा वास त्याच कुटुंबातला. तो अगदी पुसट असेल तर पेला थोडा वेळ फिरवत ठेवल्यावर उडून जातो, ठळक असेल तर जात नाही. लोण्याचा, पॉपकॉर्नचा वास आणि जिभेवर तेलकट बुळबुळीतपणा हे डायअसिटिल या आंबवताना तयार होणाऱ्या द्रव्याचे लक्षण, ते बहुधा मूळ बिअरमधलेच असते. या बिअरमध्ये ते ओळखायला सावध राहावे लागते, कारण कॅरामल माल्ट, व्हॅनिला आणि मसाला एकत्र आले की लोणी लावलेल्या पायचा भास नैसर्गिकपणेही होतो. फरक जिभेवर कळतो, नाकाला कळत नाही. उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास आला तर लोक तो भोपळ्याच्या खात्यावर मांडतात. तो बहुधा माल्टचा रस नीट न उकळल्याचा परिणाम असतो. ओल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे बिअरला हवा लागली. मनुका किंवा शेरी या वाइनची चव म्हणजेही हवाच लागली, पण तिने या गडद बिअरवर मेहेरबानी केली आहे असे समजावे.

तुरटपणाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण त्याचे दोन उगम असतात. फार उकळलेल्या चहासारखे हिरड्यांना धरणारे तुरटपण लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे येते, आणि दालचिनीची पूड बिअरमध्ये फार दिवस राहिली तरी तसेच होते, कारण दालचिनी हीसुद्धा झाडाची सालच आहे. तळाशी गाळ दिसत असेल तर बाटली न हलवता ओतून शेवटचे दोन बोटे द्रव बाटलीतच ठेवावे. पुष्कळदा तेवढ्याने दुसरा पेला पहिल्यापेक्षा मऊ लागतो. उघडताच फेस उसळून बाहेर आला तर बाटली बेसिनमध्ये धरावी, खूप थंड करून मग चाखावी, आणि आंबट निघाल्यास पावतीसह दुकानात न्यावी.

"बिअरच तर आहे"

अमेरिकेत प्रमाणित पेय म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, साधारणपणे पाच टक्क्यांच्या बिअरचा एक ३५५ मिलिलिटरचा कॅन. तेरा टक्क्यांच्या ६५० मिलिलिटर बाटलीत सुमारे ६७ ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे पावणेपाच पेये. बहुतेक राज्यांत वाहन चालवण्यासाठी रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के आहे, युटामध्ये ०.०५. अशी बाटली चौघांनी वाटून घेण्यासाठी असते, आणि ज्याला गाडी चालवायची आहे त्याने वास घेऊन थांबावे. उरलेली बिअर संपवून टाकण्याची घाई तर मुळीच करू नये. घट्ट बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशी तिच्यातला वायू गेलेला असतो, पण अल्कोहोलचा तोरा थोडा उतरतो आणि आदल्या रात्री नाकाआड गेलेले जायफळ कधी कधी त्याच शिळ्या पेल्यात पहिल्यांदा नीट सापडते.